टायबरकाठचे मराठे

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत आपल्या सोसायटीचा इतिहास बरेच जण लिहितील. बोअरवेलची भानगड, कन्व्हेयन्स डीडची अकरा वर्षं, पहिला गणपती कुणाच्या पार्किंगमध्ये बसला, हे सगळं सांगायला माझ्यापेक्षा जुने आणि चांगल्या स्मरणशक्तीचे सभासद आहेत. मी थोडा लांबचा इतिहास लिहायला घेतलाय. त्याला कारण गेल्या 26 जानेवारीचं.

झेंडावंदन झालं, वडापाव आणि चहा सुरू होता. गप्पांच्या ओघात मी यशवंत घाडगे यांचं नाव काढलं. बी विंगमधल्या कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने लगेच विचारलं, "काका, पण ते तर इंग्रजांसाठी लढले ना? मग त्यांना आपण का मानायचं?" प्रश्न रोखठोक होता आणि मला आवडला. त्याचं उत्तर कपभर चहात मावणारं नव्हतं. संपादक मंडळाने मला चार पानं दिली आहेत, त्यात बसवून पाहतो.

आधी घाडगे कोण ते सांगतो. रायगड जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यात, माणगाव तालुक्यातलं पळसगाव-आमडोशी हे त्यांचं गाव. जन्म 1921 चा. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते नाईक होते, म्हणजे दहाएक जणांच्या तुकडीचे म्होरके. ही बटालियन दहाव्या भारतीय डिव्हिजनबरोबर 1944 साली इटलीत होती. 4 जूनला रोम दोस्तांच्या हाती आलं आणि जर्मन फौज उत्तरेकडे मागे सरकायला लागली. पण ती पळत नव्हती. प्रत्येक टेकडीवर, प्रत्येक वळणावर मशीनगन लावून थोडं रक्त सांडायचं, मग पुढच्या टेकडीवर जायचं, अशी त्यांची रीत होती. टायबर नदीचं वरचं खोरं हे त्यासाठी अगदी सोयीचं. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये चिंचोळी वाट, दगडी गावं टेकड्यांच्या माथ्यावर. ज्यांनी वरंधा किंवा ताम्हिणी पाहिलाय, त्यांना खालून वर चढणाऱ्याची अवस्था सांगायला नको.

10 जुलै 1944. घाडग्यांची तुकडी पुढे सरकत असताना अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. त्या एका फैरीत तुकडीतली सगळी माणसं पडली, कुणी मेलं, कुणी जखमी झालं. उभे राहिले ते एकटे घाडगे. अशा वेळी आडोसा घेऊन मागच्यांची वाट पाहिली असती तरी कुणी बोट दाखवलं नसतं. ते सरळ मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला, त्यात मशीनगन आणि ती चालवणारा दोघंही गेले. मग टॉमी गनने आणखी एकाला टिपलं. गोळ्या संपल्या. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, समोर अजून दोघं होते. घाडग्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांना ठार केलं. मोर्चा हाती आला, पण लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि तिथेच, एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्च्यात, त्यांचा प्राण गेला. वय 22. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रिटिश राजवटीतलं शौर्याचं ते सर्वोच्च पदक. इटलीच्या सगळ्या लढाईत अशी एकूण 20 पदकं दिली गेली, त्यांतली 6 भारतीय फौजेतल्या शिपायांना, आणि त्या सहांतले दोघं आपले मराठी.

घाडग्यांची समाधी नाही. देहच सापडला नाही. दक्षिण इटलीत कॅसिनो इथे युद्ध स्मशानभूमी आहे, तिथल्या स्मारकावर ज्यांची जागा कळली नाही अशा चार हजारांवर सैनिकांची नावं कोरली आहेत, त्यात त्यांचं एक.

आमच्या घरातही या लढाईचा एक माणूस होता, म्हणून मला यात गोडी. माझे चुलत आजोबा पोलादपूरकडचे, मराठा पलटणीतूनच इटलीला गेलेले. गावात त्यांना सगळे लढाईवाले आबा म्हणत. आम्ही पोरं त्यांच्या मागे लागायचो की किती जर्मन मारले ते सांगा. ते कधीच सांगत नसत. सांगायचे ते भलतंच. तिकडेही बैलांनीच नांगरतात, पण बैल पांढरेधोप आणि हत्तीएवढे. तिकडच्या म्हाताऱ्या बायका आपल्यासारखंच डोक्याला फडकं बांधतात. एका म्हातारीने त्यांना चुलीपाशी बसवून उकडलेले बटाटे खाऊ घातले आणि ती सारखी रडत होती, तिचा मुलगा कुठल्या आघाडीवर होता देव जाणे. भाषा एकमेकांची कळत नव्हती. "पर रडणं कळतं की," असं आबा म्हणायचे. आणि थंडी! कोकणातल्या माणसाला 1944-45 चा अपेनाइन डोंगरातला हिवाळा म्हणजे काय असेल, विचार करा. गुडघाभर चिखल, वर बर्फ, आणि खंदकात साठलेलं पाणी. आबांच्या डाव्या पायाची दोन बोटं त्या थंडीने गेली होती. तेवढं एक आम्हाला ते चप्पल काढून दाखवत.

दुसरे मराठी वीर म्हणजे नामदेव जाधव. नगर जिल्ह्यातल्या निमजचे, हे संगमनेर तालुक्यात आलं. पहिल्या बटालियनचे साधे शिपाई, कंपनीचे 'रनर', म्हणजे गोळीबारातून निरोप पोचवणारा माणूस. 9 एप्रिल 1945 ला इटलीतली शेवटची मोठी चढाई सुरू झाली. वाटेत सेनिओ नदी. नदी तशी लहानच, पण तिच्या दोन्ही काठांना पुरासाठी बांधलेले उंच, सरळसोट मातीचे बांध, आणि जर्मनांनी त्यांच्या पोटात बिळं करून मशीनगन बसवलेल्या. बांधाच्या उतारावर सुरुंग पेरलेले. आपल्या आठव्या डिव्हिजनच्या शेजारी न्यूझीलंडची डिव्हिजन होती. दोघांनी एकाच संध्याकाळी नदी ओलांडायची असं ठरलेलं.

जाधव आपल्या कंपनी कमांडरबरोबर पाण्यात उतरले. समोरच्या तीन मोर्च्यांतून मारा सुरू झाला. कमांडर आणि आणखी दोघं जखमी होऊन पडले. जाधवांनी आधी एकाला उचललं, खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून, बांध चढून मागे नेऊन ठेवलं. परत आले, दुसऱ्याला उचललं, तसंच नेलं. दोन्ही वेळा गोळ्या चालूच. हे झाल्यावर कुणीही म्हणालं असतं की बस झालं. जाधव तिसऱ्यांदा परत गेले, ते या वेळी मशीनगनसाठी. पहिला मोर्चा टॉमी गनने गप्प केला. हाताला गोळी लागली, बंदूक चालेना, ती टाकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. एकदा बॉम्ब संपले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन आणखी घेऊन आले. उरलेले दोन्ही मोर्चे बंद पाडले. मग बांधाच्या माथ्यावर उभे राहून शिवाजी महाराजांच्या नावाचा जयघोष केला आणि हात हलवून मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं.

जाधव वाचले. पदक स्वतःच्या हाताने स्वीकारलं, पुढे बरीच वर्षं जगले आणि 1984 साली पुण्यात वारले. म्हणजे आपल्यापैकी साठी उलटलेल्यांनी त्यांना लक्ष्मी रोडवर कधीतरी पाहिलंही असेल, ओळखलं नसेल एवढंच.

त्याच दिवशी, त्याच नदीवर, त्याच डिव्हिजनमधल्या अली हैदर नावाच्या पठाण शिपायालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते कोहाटकडचे. दोन वर्षांनी जाधव भारताचे झाले आणि अली हैदर पाकिस्तानचे. मराठा पलटणीचा माणूस आणि पठाण यांनी मिळून जो बांध जिंकला, त्याचा इतिहास दोन्ही देशांच्या शाळांत नीट शिकवला जात नाही, यात मात्र दोघांचं अजून एकमत आहे.

आकडे सांगायचे तर इटलीच्या लढाईत भारताचे सुमारे 50,000 सैनिक होते. त्यांपैकी मेले, जखमी झाले किंवा हरवले असे 23,722, त्यात मृत्यू 5,782. देशभरातल्या 40 स्मशानभूमींत त्यांची नोंद आहे. फोर्ली गावाजवळची जागा तर खास भारतीय फौजेची. मुसलमान सैनिकांच्या तिथे कबरी आहेत, आणि हिंदू-शीख सैनिकांना अग्नी दिला असल्यामुळे त्यांच्यासाठी दहनाचं वेगळं स्मारक आहे, त्यावर साडेसातशेवर नावं. परमुलखात, लढाईच्या धामधुमीत, माणसाला त्याच्या धर्माप्रमाणे निरोप देण्याची काळजी कुणीतरी घेतली, हे मला फार मोठं वाटतं.

अशी काळजी नेहमी घेतली गेली नाही. पहिल्या महायुद्धातली गोष्ट बघा. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा गावात सहावी पूना डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. त्यात 103, 110 आणि 117 नंबरच्या तीन मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आलं तेव्हा तोफा ओढणारे घोडे मारून खायची पाळी आली. आपल्या पुष्कळ शिपायांनी धर्माला सोडून होईल म्हणून ते मांस बराच काळ टाळलं आणि उपासमारीने खंगत गेले. शेवटी तेराएक हजार माणसं शरण गेली आणि त्यांतली हजारो कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत संपली. महिना 11 रुपये पगारावर. या मोहिमेतल्या मृतांसाठी बसऱ्याला स्मारक उभारलं, त्यावर गोऱ्या शिपायांची नावं एकेक करून कोरली. भारतीयांमध्ये फक्त अधिकाऱ्यांची नावं, आणि साध्या शिपायांच्या जागी पलटणवार आकडा. अमुक सुभेदार आणि इतर इतके. बाकीच्यांची नावं दप्तरात राहिली, दगडावर आली नाहीत.

या स्मारकांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने 2021 साली स्वतःच चौकशी करून अहवाल काढला. पहिल्या महायुद्धातल्या 45,000 ते 54,000 आशियाई-आफ्रिकी मृतांची नोंद गोऱ्यांच्या बरोबरीने झाली नाही, आणि त्याशिवाय किमान 1,16,000 जणांची नावानिशी किंवा मुळातच नोंद झाली नाही, असं त्यात मान्य केलं आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना.

आपल्याकडच्या खेड्यांत मात्र एक खूण राहिली. सातारा, रत्नागिरी, रायगडकडे जुन्या चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली एक छोटी पाटी दिसते. या गावातून इतके पुरुष 1914-1919 च्या महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. तिच्यावरही नावं नाहीत, आकडेच. सातारजवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात 46 जण गेले ते परत आले नाहीत. गावाच्या नावापुढे आजही 'मिलिटरी' लागतं.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. इंग्रजांसाठी लढले का? हो, कागदावर तसंच. 3 सप्टेंबर 1939 ला व्हाइसरॉयने भारताला युद्धात ओढलं तेव्हा इथल्या कुणाला विचारलं नव्हतं. काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी त्याच कारणाने राजीनामे दिले. तरी युद्ध संपेपर्यंत फौजेत 25 लाख माणसं होती, आणि सक्तीची भरती नव्हती. ते का गेले? कुणी दुष्काळ होता म्हणून, कुणी बाप-आजा पलटणीत होता म्हणून, कुणी सावकाराचं देणं होतं म्हणून. कुणाला फौजेत भरती व्हायचा हक्कच मिळवायचा होता. महार समाजाची पलटण पहिल्या महायुद्धानंतर 1921 साली मोडून टाकली होती. ती परत उभी राहावी यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आवाज उठवला आणि 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. बाबासाहेबांचे वडील स्वतः सुभेदार होते, पलटण बंद होणं म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि साताऱ्याचंच बघा. एकीकडे घरटी एक जवान पाठवणारा हा जिल्हा, दुसरीकडे 1943 पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच जिल्ह्यात. एका भावाच्या अंगावर इंग्रजांची वर्दी आणि दुसरा भाऊ इंग्रजांची रेल्वे लुटतोय, अशी घरं होती. त्या घरातली आई कुणाच्या बाजूची म्हणायची? पूर्वेकडे इम्फाळला तर आझाद हिंद सेनेतले भारतीय आणि ब्रिटिश फौजेतले भारतीय समोरासमोर उभे होते. मला स्वतःला दोघांपैकी एकाला खोडून दुसऱ्याला मोठं करणं जमत नाही. सुभाषबाबूंबद्दलचा आदर मला यशवंत घाडग्यांना विसरायला सांगत नाही.

दुसरं असं की समोर कोण होतं तेही पाहिलं पाहिजे. हिटलरचं राज्य जिंकलं असतं तर आपलं स्वातंत्र्य 1947 ला आलं असतं का? मला वाटत नाही. आणि हा फक्त गोऱ्यांचा आपसातला झगडा नव्हता याचा पुरावा आपल्या कोल्हापुरात आहे. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे पोलंडच्या सुमारे 5,000 निर्वासितांची छावणी होती. स्टालिनच्या माणसांनी सायबेरियाकडे हाकललेली, तिथून इराणमार्गे हिंदुस्थानात पोचलेली, बहुतेक बायका आणि पोरं. त्यांच्यातल्या कित्येकींचे नवरे आणि भाऊ पोलिश फौजेतून इटलीत लढत होते. मे 1944 मध्ये कॅसिनोच्या शेवटच्या लढाईत आपल्या आठव्या डिव्हिजनने खाली गारी नदी ओलांडली आणि 18 मेला वरच्या डोंगरावरचा मठ पोलिश फौजेने घेतला. आपली पोरं तिकडे त्यांच्या शेजारी लढत होती आणि त्यांची बायकापोरं इकडे पंचगंगेच्या खोऱ्यात राहत होती. पोलंडने ते लक्षात ठेवलं. वॉर्सात आज कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. 2024 मध्ये पंतप्रधान तिथे गेले तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते पहिल्यांदा कळलं.

पुण्यात राहून इटलीला जायला नको, खडकीला जा. तिथल्या युद्ध स्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातले सोळाशेवर सैनिक आहेत. हिरवळ कापलेली, दगड एका ओळीत. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या आणि भारतात मेलेल्या शिपायांची नावंही तिथे आहेत. नातवंडांना घेऊन मी गेलो होतो. एका दगडावर वय 19 वाचून नात म्हणाली, "दादाएवढा." यापलीकडे मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

युद्ध संपल्यावर 1946 मध्ये लाखो शिपायांना घरी पाठवलं. नोकरी पाच-सहा वर्षांचीच, त्यामुळे पेन्शन नाही. आबांनाही नव्हती. एक कांबळं, दोन पदकं आणि डिस्चार्जचं पुस्तक एवढं घेऊन ते पोलादपूरला उतरले आणि दुसऱ्या दिवशी भाताच्या खाचरात गेले. पुढे त्यांच्या म्हातारपणी एका कार्यालयात मदतीचा अर्ज केला तर कारकुनाने इटलीत होतात याचा दाखला आणा म्हणून परत पाठवलं. आबांनी चप्पल काढून पाय दाखवला. अर्ज काही पुढे सरकला नाही.

माणगावला यशवंत घाडग्यांचा पुतळा आहे, मुंबई-गोवा महामार्गाने जाताना पाच मिनिटं थांबण्यासारखा. आणि जुलै 2023 मध्ये इटलीतल्या मोन्तोने या गावाने, तिथली ग्रामपंचायत म्हणा ना, त्यांच्या नावाने एक स्मारक उभारलं. स्मारक म्हणजे सूर्यघड्याळ. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं वाक्य त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय. जिथे त्यांचा देहसुद्धा सापडला नाही, त्या खोऱ्यातल्या लोकांनी 79 वर्षांनी हे केलं. कुणी दडपण आणलं नव्हतं.

एक कामाची गोष्ट सांगून थांबतो. आपल्या 84 फ्लॅटमध्ये सातारा, सांगली, कोकण, नगरकडची निदान तीसएक घरं आहेत. कुणाच्या तरी माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या पदकाची पेटी किंवा डिस्चार्जचं पुस्तक असणार. पदकाची कड नीट बघा, तिथे बहुतेक वेळा शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. घासून चकाचक करू नका, अक्षरं जातात. नंबर आणि पलटण कळली की वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत शोधता येतं, आणि मराठा पलटणीचा माणूस असेल तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहिता येतं. नावाचं इंग्रजी स्पेलिंग त्या काळच्या साहेबाने कसंही केलेलं असतं, त्यामुळे दोन-चार प्रकारे शोधावं लागतं. मला हे थोडंफार जमतं. रविवारी सकाळी दहानंतर मी सोसायटीच्या ऑफिसात असतोच, कागद घेऊन या.